हादोकेन एका बाजूने निघतो, दुसऱ्या बाजूने नाही: जुन्या स्ट्रीट फायटरची पुन्हा पुन्हा येणारी कटकट

आधी लक्षण सांगते. गेम स्ट्रीट फायटर टू, सुपर निन्टेंडोवरची १९९२ सालची कॅसेट. (कार्ट्रिज म्हणा हवं तर, आम्ही तिला कायम कॅसेटच म्हणत आलो.) त्यातला माझा लढवय्या रियू पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असला की हादोकेन (हातातून फेकायचा गोळा) धडाधड निघतात. समोरचा डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला, रियूचं तोंड डावीकडे वळलं, की तीच मूव्ह काही केल्या निघत नाही. कधी नुसताच ठोसा, कधी बसल्या बसल्या ठोसा, कधी भलतीच उडी. पॅड (हातातला कंट्रोलर) पुसला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये काहीतरी खुडबुड केली की आठ-दहा दिवस बरं चालतं. मग पहिले पाढे पंचावन्न.

दादाचं निदान तयार होतं. "अंगठा गंजलाय तुझा. पॅडला कशाला नावं ठेवतेस?" मी टीव्हीवर खापर फोडत होते. शेवटी कळलं ते असं, की पॅड, टीव्ही आणि अंगठा, तिघांचाही थोडा थोडा वाटा होता आणि तिघांचं लक्षण वरून एकसारखं दिसत होतं. मी एकाचं काहीतरी करायचे, तेवढा फरक पडायचा, आणि उरलेले दोघं आठवड्याभरात डोकं वर काढायचे. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे तिघं वेगळे करा. त्याला अर्धा तास पुरतो, आणि काही उघडावं लागत नाही.

टीव्हीला शिव्या देण्याआधी

जुना गेम नव्या टीव्हीला जोडला आणि काही बिनसलं, की पहिलं नाव लॅगचं येतं. लॅग खरा आहे, त्याच्याकडे पुढे येतेच. पण लॅगने काय बिघडतं आणि काय बिघडत नाही, यात गल्लत होते.

टीव्हीचा लॅग म्हणजे चित्र उशिरा दिसणं. अंगठ्याने काय केलं ते कन्सोलला वेळेवरच कळलेलं असतं. हादोकेनची चाल म्हणजे खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा. हे सगळं तुम्हाला उशिरा दिसतं, पण सारख्याच उशिराने. त्यांच्यातलं आपापसातलं अंतर तसूभरही बदलत नाही. म्हणून समोर कोणी अंगावर येत नसताना, निवांत उभं राहूनही हादोकेन निघत नसेल, तर टीव्ही निर्दोष आहे. दोष एकतर पॅडमध्ये आहे नाहीतर अंगठ्यात. उलट, निवांत उभं असताना सगळं निघतं, पण समोरच्याने उडी मारलेली बघून शोर्युकेन (रियूचा वर उसळणारा ठोसा) मारायला जावं तर तोवर त्याची लाथ बसलेली असते, असं असेल तर टीव्हीकडे बघा. (वायरलेस पॅड असेल तर त्याचा उशीर कमी-जास्त होऊ शकतो, म्हणून ही चाचणी तारेच्या पॅडवरच करा.)

चाचणी अशी. या कॅसेटमध्ये सरावाचा वेगळा मोड नाही, म्हणून दोन खेळाडूंचा सामना लावायचा. दुसरा पॅड कोणाकडे तरी द्यायचा आणि त्याला फक्त मागची दिशा दाबून धरायला सांगायची, म्हणजे तो हादोकेन अडवत राहील आणि फेरी लवकर संपणार नाही. दादा हे काम एका हाताने करायचा, दुसऱ्या हातात फोन. घड्याळ ९९ वरून खाली येईपर्यंत भरपूर वेळ मिळतो. आता डोळे मिटून दहा वेळा हादोकेन मारायचा. डोळे मिटले की टीव्ही आपोआप खटल्यातून बाहेर पडतो. मोजायला कान पुरतात, आरोळी ऐकू आली की एक.

मग कन्सोल बंद करून तोच पॅड दुसऱ्या पोर्टला लावायचा. दुसरा खेळाडू उजव्या बाजूला, डावीकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे बाजू बदलायला उड्या मारत बसावं लागत नाही. पुन्हा दहा.

माझे आकडे: डाव्या बाजूने दहापैकी नऊ, उजव्या बाजूने तीन. दादाने तोच पॅड घेतला, त्याचेही उजव्या बाजूने चारच निघाले. 'अंगठा गंजलाय' हे पालुपद त्या दिवसापासून जरा कमी झालं.

मूव्ह निघाली नाही, मग काय निघालं?

हे बघायची सवय लावून घ्या, कारण चुकून जे निघतं त्यातच कारण दडलेलं असतं. बसल्या बसल्या ठोसा बसला तर बटण घाईने दाबलं गेलं, पुढची दिशा लागायच्या आत. उडी बसली तर अंगठा पुढे थांबलाच नाही, घसरत वर गेला. हादोकेनच्या जागी शोर्युकेन निघाला तर तुम्ही चालता चालता मूव्ह मारताय. पुढे, खाली, खाली-पुढे ही शोर्युकेनची चाल आहे, आणि पुढे चालताना लगेच हादोकेन मारायला गेलं की तीच चाल नकळत पूर्ण होते. हे तिन्ही अंगठ्याचे दोष. क्षणभर अंगठा सैल सोडून मग मूव्ह सुरू केली की शोर्युकेनची भानगड जवळजवळ मिटते.

पण उभ्या उभ्या साधा ठोसा बसत असेल, आणि तोही एकाच बाजूने, तर संशय तिरप्या दिशेवर घ्या. खाली आणि पुढे यांच्या मधली ती तिरपी दिशा गेमला मिळाल्याशिवाय हादोकेन होत नाही. अंगठा फिरलाय, तुम्हाला तो नीट फिरल्यासारखा वाटलाय, पण गेमला मिळालं ते फक्त खाली, आणि मग थेट पुढे.

आता अडचण ही, की खालची तिरपी दिशा पडद्यावर वेगळी दिसत नाही. नुसतं खाली दाबा नाहीतर खाली-डावीकडे दाबा, रियू बसतो तो सारखाच. मग ती लागतेय की नाही हे कळणार कसं?

गाईलला मीटर बनवा

मला सापडलेली सगळ्यात कामाची युक्ती हीच, म्हणून सावकाश सांगते.

गाईल हा याच गेममधला दुसरा लढवय्या. त्याचा सोनिक बूम म्हणजे मागे दाबून साधारण सेकंदभर थांबायचं, मग पुढे आणि ठोसा. त्याची फ्लॅश किक म्हणजे खाली दाबून तेवढाच वेळ थांबायचं, मग वर आणि लाथ. जाणते खेळाडू खाली-मागे असं तिरपं दाबून बसतात, कारण त्यात दोन्ही एकदम भरत राहतात. आपल्याला नेमकं तेच हवंय.

गाईलला डाव्या बाजूला उभा करा. त्याचं तोंड उजवीकडे, म्हणजे मागे म्हणजे डावीकडे. आता खाली-डावीकडे तिरपं दाबून मनात 'एक, दोन' मोजा, आणि थेट उजवीकडे व ठोसा. सोनिक बूम निघाला? मग तिरपं दाबलेलं असताना डावीकडचा संपर्क पूर्ण वेळ लागलेला होता. पुन्हा तसंच दाबून बसा आणि या वेळी वर व लाथ. फ्लॅश किक निघाली, तर खालचा संपर्कही ठीक. दोन्ही निघाल्या म्हणजे पॅडचा तो कोपरा शाबूत आहे. खाली-उजवीकडची दिशा तपासायला गाईलला उजव्या बाजूला नेऊन हेच करा.

माझ्या पॅडवर फ्लॅश किक दर वेळी निघत होती. सोनिक बूम मात्र निघायचा तो अंगठा पांढरा पडेपर्यंत जोर दिला तरच. हलक्या हाताने दाबलं तर गाईल नुसता हात झटकायचा. नुसतं डावीकडे, सरळ दाबून धरलं तर मात्र बूम बिनतक्रार. म्हणजे डावीकडचा संपर्क मेलेला नव्हता, थकलेला होता. सरळ दाबताना सगळा जोर त्याच्यावर येतो म्हणून लागायचा, तिरपं दाबताना जोर खालच्या संपर्काशी वाटला जातो म्हणून सुटायचा. आणि रियू उजव्या बाजूला असताना हादोकेनला नेमका हाच कोपरा लागतो.

बटणांसाठीही अशीच माणसं आहेत. हाँडाचा हातांचा मारा ठोशाचं एकच बटण भराभर दाबून होतो, चुन-लीचा लाथांचा वर्षाव लाथेचं. जे बटण कुचकामी झालंय त्यावर मारा मध्येच तुटतो. मूळ मांडणीत जोराचा ठोसा आणि जोराची लाथ वरच्या एल आणि आर बटणांवर असतात. तीही तपासा, ती विसरली जातात.

तार की रबर?

पॅड उघडायच्या आधी एक विचार. सुपर निन्टेंडोच्या पॅडमध्ये बाराही बटणांची खबर एकाच तारेतून, एकामागोमाग एक अशी जाते. वीज, जमीन आणि दोन संकेतांच्या तारा धरून एकूण पाचच तारा. त्यामुळे तार आतून तुटत आली असेल तर सगळाच पॅड गचके खातो. एकच दिशा रुसली आणि बाकी सगळं व्यवस्थित, असं तारेमुळे होत नाही. अशा वेळी आतलं रबर किंवा त्याखालचा संपर्क बघायचा.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवाल्यांनी हा नियम उचलू नये. तिथे प्रत्येक दिशेला जवळपास स्वतंत्र तार आहे, त्यामुळे प्लगजवळ वाकून वाकून एक तार तुटली तर खरोखरच एकच दिशा जाते. प्लगजवळची तार बोटाने हलवत दिशा दाबून बघा, तिथेच कळेल. शिवाय तीन बटणांच्या पॅडवर स्ट्रीट फायटर खेळत असाल तर लाथा मारायला स्टार्ट दाबून ठोसे आणि लाथा यांची अदलाबदल करावी लागते. 'लाथच बसत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते.

पॅड उघडताना

मागे पाच साधे स्क्रू. पॅड पालथा ठेवूनच मागची बाजू उचला, नाहीतर बटणं जमिनीवर घरंगळतात आणि एक हमखास पलंगाखाली जातं. एल आणि आर यांच्या छोट्या वेगळ्या पट्ट्या तारेने जोडलेल्या असतात, त्या हिसडू नका. सर्किटचा पत्रा उचलला की खाली रबराची चादर, तिला प्रत्येक बटणामागे काळी टिकली. ती टिकली पत्र्यावरच्या काळ्या ठिपक्यावर टेकली की बटण 'लागतं'. एवढंच यंत्र.

माझ्या पॅडच्या डावीकडच्या टिकलीवर तपकिरी, चिकट थर होता आणि कडेने ती गुळगुळीत, चकचकीत झाली होती. बाकी तीन मंद काळ्या, या एकीलाच चकाकी. उगाच कोणाला दोष नाही, इतक्या वर्षांनी कुठलंही रबर थकणारच.

कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून पत्र्यावरचे ठिपके हलक्या हाताने पुसा. घासू नका, आणि सँडपेपरचं नावही नको, तो काळा थर गेला की पॅड गेला. रबराची टिकली कोऱ्या कागदावर दोन-तीनदा अलगद फिरवली की कागदावर काळी रेघ उमटते आणि वरचा मळ निघून येतो. सगळं पूर्ण वाळल्यावर जोडा. टिकलीवर पेन्सिलचं शिसं घासायचा उपाय बरेच जण सांगतात. चालतो, शिसं वीज वाहून नेतं, पण त्याची भुकटी आत पसरते आणि थोड्याच दिवसांत परत तेच. मी केला होता, म्हणून सांगते, नका करू.

माझी कटकट पुन्हा पुन्हा का यायची त्याचं उत्तरही इथेच मिळालं. साफ केलं की मळ जायचा, पण टिकलीचा झिजलेला थर परत येत नाही. थोडा नवा मळ बसला की पुन्हा संपर्क सुटायचा. शेवटी रबराची चादरच बदलली. नवं रबर सुरुवातीला कडक लागतं, चार-सहा दिवस अंगठा दुखतो. उजव्या बाजूचे हादोकेन तीनावरून सातावर गेले.

कॅसेटचं विचाराल तर थोडक्यात: गेम सुरूच होत नसेल किंवा चित्र विस्कटत असेल तरच तिचे संपर्क याच अल्कोहोलने पुसा. फुंकर मारू नका. तोंडाच्या वाफेने धातू गंजतो, आणि फुंकल्यावर चालू होतं ते बहुतेक कॅसेट काढून परत घातल्यामुळे. मूव्ह न निघण्याशी कॅसेटचा संबंध नसतो.

आता टीव्ही

पॅड सुधारला तरी दादाच्या उड्या मला अडवता येईनात. निवांत उभं असताना शोर्युकेन निघतोय, उडी बघून मारला की उशीर. हा मात्र टीव्हीचा प्रताप.

कन्सोल सेकंदाला सुमारे ६० चौकटी (फ्रेम) देतो, म्हणजे एक चौकट साधारण १६.७ मिलिसेकंदांची. सहा चौकटींचा उशीर झाला की सेकंदाचा दहावा भाग गेला, आणि उडी हवेत असते तो वेळ मुळातच तुटपुंजा. जुन्या काचेच्या टीव्हीत असा उशीर नसल्यात जमा होता. आताचा सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, मोठं करतो, घासूनपुसून मग दाखवतो. त्यात भर म्हणजे ही जुनी कन्सोलं २४० ओळींचं चित्र पाठवतात आणि बरेच टीव्ही ते ४८० ओळींचं, एकाआड एक ओळींनी येणारं चित्र समजून दोन चित्रं सांधायला बसतात. या बिनकामाच्या शिवणकामात आणखी वेळ जातो. स्वस्तातले पिवळी-पांढरी-लाल पिन एचडीएमआयला जोडणारे डबे बहुतेक हेच करतात, फक्त टीव्हीच्या बाहेर.

मोजणं सोपं आहे. फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटींवर, पॅड आणि पडदा दोन्ही दिसतील असं चित्रण करा. बटण तळाला टेकल्यापासून पडद्यावर हात हलेपर्यंतच्या चौकटी मोजा, एक म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. यात गेमचा स्वतःचा थोडा वेळही मिसळलेला असतो, म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही, दोन सेटिंगमधला फरक बघा. माझ्याकडे आधी ४० चौकटी भरल्या. टीव्हीचा गेम मोड (ही घासपूस कमी करणारं सेटिंग) लावल्यावर १९. म्हणजे गेमच्या पाच चौकटींचा फरक, नुसत्या एका सेटिंगने.

गेम मोड मी आधीही लावला होता, हीच तर गंमत. तो एचडीएमआय एकवर लावलेला होता, आणि कन्सोल होता दुसऱ्या इनपुटवर. बऱ्याच टीव्हींवर हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं असतं. आमच्याकडे कोणीतरी वायरी इकडच्या तिकडे करायचं, इनपुट बदलायचं, आणि माझा 'दुरुस्त झालेला' गेम परत बिघडायचा. शोर्युकेनची तक्रार दर काही दिवसांनी परत यायची ती अशी.

गेम मोडनेही भागत नसेल तर ओएसएससीसारखं ओळी दुप्पट करणारं यंत्र घेता येतं. ते पूर्ण चौकट साठवत नाही, आलेली ओळ लगेच पुढे ढकलतं, त्यामुळे त्याचा स्वतःचा उशीर एका चौकटीपेक्षा खूपच कमी. पण टीव्हीचा स्वतःचा उशीर ते कमी करू शकत नाही, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

आठवणीतला गेम हाच आहे ना?

पॅड ठीक, टीव्ही ठीक, तरी 'पूर्वी असं नव्हतं' वाटत असेल, तर गेमच वेगळा असण्याची शक्यता आहे. युरोपातली कन्सोलं सेकंदाला ५० चौकटींवर चालायची. ६० साठी लिहिलेला गेम नीट जुळवून घेतला नसेल तर तो तिथे सुमारे १७ टक्के संथ होतो, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या वेगावर बोटं बसलेला माणूस ६० वर आला की सगळं पळत सुटल्यासारखं वाटतं. २०१७ साली निघालेल्या छोट्या सुपर निन्टेंडोत टर्बो ही आवृत्ती आहे, १९९२ ची नव्हे. त्यात चुन-ली हातातून गोळा फेकते आणि दोघांनाही रियू घेता येतो. मूळ कॅसेटमध्ये दोघांनी एकच माणूस घ्यायचा तर कॅपकॉमचं नाव झळकत असताना खाली, आर, वर, एल, वाय, बी असं दाबावं लागायचं. टर्बोमध्ये वेग ठरवणारे तारे कमी करून बघा, अर्धी कुरकूर तिथेच मिटते.

आणि अंगठा

दादा पूर्ण चुकीचा नव्हता. डाव्या अंगठ्याला खालून उजवीकडे जाणं म्हणजे बाहेर पसरणं, आणि खालून डावीकडे जाणं म्हणजे स्वतःकडे आखडून घेणं. दुसरी हालचाल अवघड, त्यात घाई केली की अंगठा कोपरा कापून थेट डावीकडे पोचतो. मी अंगठा उचलून ठेवत होते. न उचलता, दिशांच्या अधिकच्या (+) आकाराच्या बटणावर टेकवूनच लोळवायला शिकले, आणि ठोसा अर्धा क्षण उशिरा मारायला. या गेममध्ये बटण दाबताना हुकली तरी सोडताना मूव्ह निघू शकते, म्हणून बटणावर टिचकी मारण्याऐवजी दाबून सोडा, एक जास्तीची संधी मिळते. मात्र चिकटणारं बटण असेल तर याच कारणाने मूव्ह भलत्याच वेळी निघते, तेही एकदा बघून घ्या.

आता उजव्या बाजूने दहापैकी आठ-नऊ निघतात. टीव्हीच्या मागे त्या इनपुटवर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं लिहून ठेवलंय. दादाच्या पॅडचं आर बटण मात्र एका दाबात दोन लाथा मारायला लागलंय, आणि तो म्हणतोय की टीव्हीचा लॅग आहे.